इंजिनाजवळची फळी

लग्न होऊन मी उरणला आले तेव्हा मुंबईला जायचं ते मोऱ्याच्या धक्क्यावरून, लाँचने. माझी आई माझगावात एकटी राहायची. भाऊच्या धक्क्यावर उतरलं की तिचं घर चालत पंधरा मिनिटांवर. पण घरात सासूबाई, दोन लहान मुलं. दोन-तीन महिन्यांतून एकदा जाणं व्हायचं.

लाँचवर इंजिनाच्या खोलीला लागून एक लाकडी फळी होती. तिथे ऊन यायचं नाही, लाटेचं पाणी उडायचं नाही. ती रोजच्या माणसांची. कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी दुसरं कुणी बसत नसे. आणखी एक मान त्यांना होता. ते धक्क्यावर धावताना दिसले की लाँच चालवणारा तांडेल दोर सोडायचा नाही.

एकदा आईला ताप आल्याचं कळलं आणि मी निघाले. मी धक्क्यावर पोचले आणि माझ्या डोळ्यांदेखत लाँच सुटली. माझ्या पुढेच धावत गेलेल्या एका मासळीवाल्या मावशींसाठी तीच लाँच थांबली होती. पुढची लाँच भरतीचं पाणी चढल्यावर. तोवर मी बोचक्यावर बसून रडले.

तेव्हाच मनात घेतलं, आपणही रोजचं माणूस व्हायचं. म्हणजे पुन्हा आईला काही झालं तर लाँच आपल्यासाठी थांबेल.

रोज जाणं शक्य नव्हतं. परसात शेवगा होता. ह्यांना म्हटलं, दर गुरुवारी शेंगा भाऊच्या धक्क्यावरच्या भाजीवाल्याला देऊन येते. हे हसले. "शेंगा चार, आणि फेरी मुंबईची!" पण नको म्हणाले नाहीत. सासूबाईंनी एवढंच बजावलं, "पोरं शालंतून यायच्या आत घरान पायजेस."

म्हणून त्याच लाँचने परत. शेंगांची जुडी भाजीवाल्याच्या हातात द्यायची, तो दारोदार फिरायला निघायचा, आणि मी पुन्हा लाँचवर. पलीकडे माझगावच्या बाजूला बघायचीसुद्धा नाही. बघितलं तर पाय तिकडे वळतील अशी भीती.

पहिले कित्येक गुरुवार मी टपावर उन्हात बसले. मग एक दिवस त्याच मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "ए शेंगावाली, वर काय वालत घातलीस सोताला? ये हिकडं."

बाजूची म्हणाली, "ती काय रोजची हाय?"

"मंग? दर बेस्तरवारी दिसतं थोबार. सरक जरा, जाडे."

मी कडेला टेकले. फळी इंजिनाने थरथरत होती, डिझेलचा वास येत होता. मला राणीसारखं वाटलं. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

पावसाळा सरला आणि पुन्हा आईचा निरोप आला. पडली आहे, उठवत नाही. मुलांना भरवून धावले तोवर ओहोटी लागली होती. लाँच निघण्याच्या बेतात. मी हाक मारली नाही, पण तांडेलच ओरडला, "शेंगावाली आली रं! दोर धर!" मावशींनी हाताला धरून आत ओढलं आणि मला फळीवर मधोमध बसवलं. ठरवलं तसंच झालं होतं.

आई खाटेवर होती. पाय सुजलेला. मला बघून म्हणाली, "आज गुरुवार नाही ना गं?"

"नाही. का?"

"मग आज शेंगा नसतील."

मला काही कळेना. तिने भिंतीकडे तोंड केलं. "तो भाजीवाला आपल्या गल्लीत येतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, आजी, उरणच्या शेंगा, एक बाई लाँचने आणते, तुमच्यासारखीच दिसते. मी दर गुरुवारी घेत होते. दोन भाकऱ्या जास्त टाकत होते. म्हटलं, आज तरी तू घरी येशील."

मी तिच्या पायाला तेल लावत राहिले. तिच्यापर्यंत लवकर पोचता यावं म्हणून मी एवढ्या फेऱ्या केल्या होत्या, आणि प्रत्येक फेरीत तिला पंधरा मिनिटांवर ठेवून परत फिरले होते.

त्यानंतर शेंगा बंद केल्या. महिन्यातून एकदाच जायची, पण रात्रीची राहायची. सासूबाई कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. फळीवर नवी माणसं आली. तांडेल बदलला, त्याला मी ठाऊक नव्हते. दोनदा लाँच चुकली. आईला त्याचं काही नव्हतं. मी उशिरा पोचले की म्हणायची, "आलीस ना? हात धू."

कधीमधी जाणाऱ्या बाईने त्या फळीच्या मागे लागू नये, असं आता वाटतं. तरी त्या दिवशी लाँच थांबली होती, हेही खरं आहे.

आई गेली तेव्हा तिच्या फडताळात शेवग्याच्या बिया निघाल्या, कागदात बांधलेल्या. परसात लावल्या. एकच रुजली.