दुकानातल्या कॉम्प्युटरचं कुलूप

आमच्या बाबांचं दुकान मोटारपंप आणि पाइपांचं, वर्धेत, मोठ्या रस्त्याला लागून. मला दिली नालवाडीला. म्हणजे स्कूटीला किक मारली की माहेर. त्यामुळे लग्नानंतरही मी दुकानात जातच राहिले. बाबांनीच बोलावलं होतं. कॉम्प्युटर आणला तेव्हा तो चालवणारं घरात दुसरं होतं कोण? धाकट्या भावाला अख्खी मोटार खोलून जोडता यायची, पण माउस हातात धरला की घाम फुटायचा. बिलं, स्टॉक, कंपन्यांचे मेल, सगळं माझ्याकडे. गल्ल्याशेजारची ती खुर्ची माझी आहे असं कोणी कधी म्हटलं नाही, पण तिच्यावर दुसरं कोणी बसतही नसे.

बाबा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि भावाने हक्कसोडीचे कागद आणले. आमच्यात बहिणी सही करून देतात. नाही केली तर माहेर तुटतं म्हणे. मीही केली. नवरा म्हणाला, "जराक विचार करून घेजो." मी त्याच्यावरच खेकसले. विचार कसला करायचा? भिंती त्याच्या नावावर झाल्या तर होऊ देत की, मी तर रोज दुकानातच बसते! अशी अक्कल माझी.

मग एक दिवस भाऊ म्हणाला, "ताई, या कॉम्प्युटरले लॉक लावून दे न. आपण इकडंतिकडं झालो का कोणीबी डोकावते. खरेदीचे भाव दिसतात लोकाईले."

बरोबर होतं त्याचं. मला तर उलट कौतुक वाटलं, की चला, याचं लक्ष लागायला लागलं. दुपारी गर्दी ओसरल्यावर सेटिंग उघडून बसले. हात लावला नाही तर किती वेळाने पडदा काळा व्हावा, काळा झाल्याबरोबर पासवर्ड मागावा की थोडं थांबावं, लॉक असताना मेल आल्याचं वर दिसावं की नाही, एकेक वाचून त्याला समजावत गेले. तो म्हणाला, "दोन मिनटाचा ठेव." ठेवला. लॉकच्या पडद्यावर लक्ष्मीचा फोटो लावून हवा होता त्याला, तोही लावला.

दोन मिनिटं! आमच्या दुकानात दोन मिनिटांत गिऱ्हाईक नीट टेकतसुद्धा नाही. आधी पाणी पिणार, मग बोअर किती खोल गेली ते सांगणार, मग साळ्याने कोणती मोटार घेतली आणि ती कशी जळाली ते, आणि मग कुठे हॉर्सपॉवरवर येणार. तोवर माझा पडदा काळा. पुलगावकडचे एक म्हातारबा वाकून बघत म्हणाले, "लाइन गेली काय व, बाई?" डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता! सकाळी उदबत्ती लावणारा आमचा नोकर तर वेगळाच. लक्ष्मी गडप झाली की तो माउस हलवायचा, ती दिसली की घाईघाईने ओवाळून घ्यायचा. शेवटी मी वैतागून पंधरा मिनिटं केली.

आणि पासवर्ड? आमच्या घरात हळू बोलायची रीतच नाही. मी मागे गोडाऊनमध्ये पाइप मोजत असले की भाऊ काउंटरवरून हाक मारायचा, "ताईऽ, पासवर्ड काय हाय व?" आणि मीही तिथूनच अक्षर न् अक्षर ओरडून सांगायची. बाकड्यावरची चार गिऱ्हाइकं ऐकत असायची. मग मीच चिडले, "अरे, असं बोंबलाचं होतं तर लॉक लावलं कायले?" तो हसला. म्हणाला, "मंग मले बदलवाचं शिकवून दे."

शिकवलं. त्याचा हात धरून शिकवलं. जुना टाक, नवा टाक, परत तोच नवा टाक. एका बोटाने टकटक करत त्याने जमवलं तेव्हा मी शाब्बास म्हटलं त्याला, पाठीवर थाप मारली. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानंतर नणंदेच्या घरी लग्न होतं म्हणून मी चार दिवस दुकानात गेले नाही. परत आले, पर्स खिळ्याला अडकवली, खुर्चीत बसले, पासवर्ड टाकला. घेईना. कॅप्स लॉक असेल म्हणून पुन्हा टाकला. घेईना. नोकर एकदम एल्बो आणि सॉकेटच्या खोक्यात तोंड घालून काहीतरी शोधायला लागला. त्याला ठाऊक होतं. म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊ आला. "बदलवला काय रे?" मी विचारलं.

"हो, म्हणजे..." त्याने खिशातला रुमाल काढला, परत ठेवला. "तुले काय पाहिजे ते सांगत जा न ताई. मी काढून देत जाईन."

"मले काय पाहिजे म्हंजे? मले बसाचं हाय. बिलं कराची हायेत."

"आता तुही भावजय येत जाईन न दुकानात. तिले येते आता. तुले काऊन रोजचा तरास? तुले तुह्या घरचंबी पाहा लागते."

तुझ्या घरचं! सरळ म्हणाला असता की आता येत जाऊ नको, तर भांडले असते मी, अख्खा बाजार गोळा केला असता. पण हा माझी काळजी करत होता. काळजीला काय उत्तर द्यायचं? मी उठले, खुर्चीतून. तो तिथे बसला, स्क्रीन माझ्याकडून जराशी तिकडे वळवली आणि एका बोटाने पासवर्ड टाकला. नीट, न चुकता.

मी काउंटरच्या बाहेर येऊन उभी राहिले. आमच्या दुकानात घरच्यांचा चहा ठरल्या वेळी आपोआप येतो, कोणी कोणाला विचारत नाही. विचारायचं ते बाकड्यावर बसलेल्याला.

भावाने बिलातून मान वर केली. "उभी काऊन ताई, बस न बाकड्यावर. चहा घेतं काय?"

माझ्या बापाच्या दुकानात मला पहिल्यांदाच कोणी चहा विचारला.