न पुसलेलं मडगार्ड

झेंडूचा वास आला की मला कोर्टाच्या आवारात उभी केलेली पप्पांची सायकल दिसते. आनंदनगरहून ड्युटी संपवून येताना एका टेम्पोने त्यांना मागून उडवलं होतं. पाय मोडला, आणि वर टेम्पोवाला म्हणत होता की सायकलवालाच राँग साइडने समोरून येऊन धडकला. आमची केस मोफत लढणाऱ्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सायकल विकू नका, दुरुस्त करू नका, पुसूसुद्धा नका." मधे दसरा आला. न धुतलेल्या गाडीची पूजा करायची कशी, म्हणून आईचा जीव नुसता खालीवर होत होता. शेवटी तिने लांबूनच हळदकुंकू वाहिलं आणि हँडलला झेंडूचा हार घातला. तारखेला आम्ही त्या सुकलेल्या हारासकट सायकल नेली, तर समोरचा वकील म्हणाला, "साहेब, ही तर धुऊनपुसून पूजलेली आहे. कसला पुरावा!" आई ताडकन पुढे झाली. "पूजा केली साहेब, पण फडकं नाही लावलं! मागे बघा ना जरा!" आवारात सायकल बघायला आलेले जज्जसाहेब खरंच खाली वाकले. पुढचं चाक धडधाकट, मागचं दुमडलेलं, आणि मडगार्डवर धुळीच्या थराखाली टेम्पोचा निळा रंग! मी तर ओरडलेच! भरपाईचा निकाल ऐकला तेव्हा पप्पा कुबड्या विसरून उठायला गेले. आता दसऱ्याला आई माझी स्कूटर लख्ख धुते, ते मडगार्ड मात्र अजून कुणाला पुसू देत नाही.