माझा पत्ता छापणारा माणूस

आमच्या चर्चचे फादर मला अधूनमधून सांगतात, क्षमा कर. मी मान खाली घालून ऐकून घेते. या धर्मातलं बाकी सगळं मी मनापासून घेतलं. उपवास घेतले, प्रार्थना घेतल्या, गुडघे दुखेपर्यंत बसून राहायची सवयही लावून घेतली. क्षमा मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही, आणि एका माणसाच्या बाबतीत ती पडावी अशी माझी इच्छाही नाही. तो एका सायंदैनिकात बातमीदार होता. पेपर इंग्रजी होता, पण तो माणूस मराठी फार सुंदर बोलायचा, आणि माझा घात त्याच्या मराठीनेच केला.

आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही, धड सांगता यायचं नाही. आमची मराठी घरातल्या घरात राहिलेली, निम्मी कन्नड शब्दांनी भरलेली. गल्लीत, बाजारात, कामावर कन्नड चालायची. त्यामुळे बाहेरचं कोणी दारात येऊन मराठी बोललं की आईला कोण आनंद व्हायचा. तो माणूस कोण, कुठला, कशाला आला, हे विचारायच्या आधी त्याला स्वयंपाकघरात पाट मिळायचा. बाकी पाहुणे ओसरीवर बसायचे. मराठी बोलणारा थेट चुलीपर्यंत यायचा. आमच्या ओळखीच्या सगळ्याच घरांत ही रीत होती आणि तिचा कोणाला कधी त्रास झाला नव्हता.

मी बाविशीत ख्रिस्ती झाले. कोणा मुलासाठी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी गोष्ट ऐकताना लोक सारखे दाराकडे बघत असतात, मुलगा आता आत येईल म्हणून. मुलगा नव्हता. यशवंतपूरला रेडिओचे भाग जोडणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी कामाला होते. शेजारच्या बाकावरची मैत्रीण चर्चमध्ये जायची, तिच्याबरोबर मीही जाऊ लागले. दोन वर्षं गेले, मग बाप्तिस्मा घेतला आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं.

अण्णांनी बोलणं टाकलं. आई रडली, दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "हे बघ, त्यांचा राग स्वल्प उतरू दे. तोवर कुठंतरी राहा. मग बघू." मैत्रिणीची मावशी बंगळुराबाहेर आनेकलला राहायची. विधवा बाई, एकटी. सगळं आनेकल तिला अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. तिच्या घरी मी राहायला गेले. पत्ता फक्त आईला ठाऊक होता. ती पंधरा दिवसांनी गुपचूप बसने यायची, डब्यात कोडबळी आणायची, आणि अण्णा आता 'ती जेवली असेल का' एवढं विचारतात म्हणून सांगायची. आमचं घर होतं, आमचं भांडण होतं, आणि ते मिटत आलं होतं. मला परत घरी जायचं होतं, एवढंच. त्यासाठी मी दिवस काढत होते.

पेपरवाल्यांना कुठून तरी माझ्या बाप्तिस्म्याची कुणकुण लागलीच. दोन-तीन बातमीदार दारावर येऊन गेले. आईने कोणाला 'गोत्तिल्ला' म्हणून घालवलं, माहीत नाही म्हणून, कोणाच्या तोंडावर दार लावलं. मग हा आला. चपला बाहेर काढल्या, आत डोकावला आणि म्हणाला, "काकू, घोटभर पाणी मिळेल का?"

संपलं. पाट मांडला गेला.

तो मूळचा पुण्याचा. त्याने आईला सांगितलं की तो मराठी मंडळाकडून आलाय, मंडळातली वडीलधारी माणसं मुलीची समजूत घालून तिला घरी आणतील, पोलीस नको, बोभाटा नको. आईने त्याला काफी दिली, उपीट दिलं, आणि मी कुठे आहे ते दिलं. बसथांब्यावरून कसं जायचं, रेशीम उकलायच्या शेडमागचं दार असलेलं घर, सगळं. तो म्हणाला, मंडळातल्या लोकांना मुलगी ओळखता यायला हवी. म्हणून आईने स्थळांना दाखवायला काढलेला माझा फोटोही दिला. जाताना त्याने आईला वाकून नमस्कार केला. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. खोटं बोललास ते बोललास, पाया कशाला पडलास?

दुसऱ्या संध्याकाळी सगळं छापून आलं. माझं नाव, कारखाना, आनेकल, रेशमाची शेड, आणि वर तो फोटो. शिवाय बातमीत एक मुलगाही होता. मी त्याच्या प्रेमात पडून धर्म सोडला म्हणे. तो मुलगा मला अजून भेटायचाय.

आनेकलात इंग्रजी पेपर वाचणारे कितीसे असतील? पण फोटो बघायला इंग्रजी कशाला लागतं? दुसऱ्या दिवशी कन्नड पेपरांनीही ती बातमी उचलली आणि दुपारी माणसं आली. त्यांतलं एकही तोंड माझ्या ओळखीचं नव्हतं. अक्काने मला "ओळगे होगु" म्हणत आतल्या खोलीत ढकललं आणि स्वतः दारात उभी राहिली. मी नाचणीच्या पोत्यांमागे बसले होते. बाहेर ते ओरडत होते, मुलीला बाहेर काढ. ती म्हणत होती, माझ्या घरात मुलगी नाही. मग दगड आले. एक तिच्या कपाळाला लागला. पोलिसांची जीप येईपर्यंत ती दारातून हलली नाही, रक्त डोळ्यात उतरलं तरी नाही. त्या डोळ्याने तिला पुढे कमीच दिसायचं. जीपमध्ये पोलिसाने मला विचारलं, "तुला हे सगळं करायची काय गरज होती?" दगड मारणाऱ्यांना त्याने काय विचारलं ते मला माहीत नाही.

कारखान्याने नोकरीवरून काढलं. चर्चच्या सिस्टरांनी त्यांच्या वसतिगृहात जागा दिली आणि शिवणशाळेत काम दिलं. बसमध्ये लोक माझ्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसायचे. फोटो दुर्दैवाने फार चांगला आला होता. मी केस कापले, चष्मा लावला, तरी ओळखायचे. तिकडे अण्णांच्या घराच्या भिंतीवर कोणीतरी डांबराने घाण लिहून गेलं. अण्णांनी निरोप पाठवला की मुलगी इकडे फिरकली तर तिचेही हाल होतील आणि आमचेही. आईने तर स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. तिला माझ्या चुलत्याने सांगितलं होतं, तूच पत्ता दिलास. घरी जायचं दार असं बंद झालं. ते अण्णांनी नव्हतं लावलं, त्या माणसाने लावलं होतं.

मी काही वर्षं वाट बघितली. राग शिळा होतो म्हणतात, माझा मुरत गेला. बंगळुरात मराठी माणसाचं घर शोधणं अवघड नसतं. दिवाळी अंक जिथे मिळतात त्या दुकानात मी बातमीवरचं त्याचं नाव सांगून विचारलं. दुकानदार म्हणाला, ते साहेब आईसाठी अंक नेतात, मल्लेश्वरमला राहतात. एका दुपारी, तो कामावर असताना, मी जाऊन बेल वाजवली. दार त्याच्या आईने उघडलं.

"काकू, घोटभर पाणी मिळेल का?"

म्हातारी हरखली. तिला कन्नड येत नव्हती, सून नोकरीला, दिवसभर बोलायला कोणी नाही. तिने मला थालीपीठ लावून दिलं. खरं सांगते, मला ती आवडली, आणि ते मला अजिबात नको होतं. मी म्हटलं, मंडळात एक चांगलं स्थळ आहे, तुमच्या घरात मुलगी आहे ना? होती. एकुलती एक नात, कॉलेजात. कुठलं कॉलेज, कितीची बस, गुरुवारी गाण्याचा क्लास असतो म्हणून अंधार पडल्यावर येते, सगळं तिने सांगितलं. निघताना फोटोही दिला. मी तिच्या पाया पडले नाही.

तिथून थेट त्याच्या कचेरीत गेले. टाइपरायटरांचा खडखडाट चालला होता आणि त्या सगळ्या गर्दीत मराठी समजणारे आम्ही दोघंच होतो. मी फोटो त्याच्यापुढे ठेवला. त्याने आधी मुलीला ओळखलं, मग मला.

"हा तुम्हाला कोणी दिला?"

"तुमच्या आईने. थालीपीठही दिलं." मग मी त्याला कॉलेज सांगितलं, बस सांगितली, थांबा सांगितला, गुरुवार सांगितला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तिने कोणाचं काय वाईट केलंय?"

"मी कोणाचं केलं होतं?"

"मी फक्त बातमी दिली हो."

"मीही बातमीच देणार आहे. त्यात एक मुलगा लागेल ना? तो मी शोधते. तुम्ही नव्हता का शोधला?"

त्याने हात जोडले. काय हवंय, दिलगिरी छापतो, म्हणाला. मी फोटो उचलला आणि निघून आले. रात्रीच्या जेवणाआधी मी तो वसतिगृहाच्या चुलीत टाकला. त्या मुलीला मी कशाला हात लावीन? पण हे त्याला कळवलं नाही. त्याला झोप लागत नसेल या विचाराने मला छान झोप लागू लागली.

काही महिन्यांनी माझी बस तिच्या कॉलेजवरून जात होती. थांब्यावर ती उभी होती. मैत्रिणी बसमध्ये चढल्या, ती नाही चढली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो स्कूटर घेऊन आला, ती मुकाट्याने मागे बसली. पुढल्या गुरुवारीही तो सरळ तिला घरी घेऊन गेला. गाणं बंद झालं होतं. शिक्षा मी त्याला दिली होती, भोगत ती होती, आणि स्वतःची शिक्षा तिच्यावर ढकलायची ही युक्तीही त्याचीच. मला त्याचा नव्याने संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी त्या थांब्यावर उतरले. तिला म्हटलं, "अनोळखी मराठी बाईशी बोलायचं नाही, असं बाबांनी सांगितलंय ना?"

ती दचकली. "हो. का सांगितलंय ते सांगत नाहीत."

"ती बाई मी. तुझ्या वाटेला कोणी जाणार नाही. फोटो मी तेव्हाच जाळला." मग मी तिला आनेकलचं सांगितलं. पाट, पाणी, पत्ता आणि अक्काचा डोळा. काही वाढवलं नाही, काही गाळलंही नाही.

"तुमची बातमी बाबांच्या फायलीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या पानावर आलेली त्यांची पहिली बातमी. मी शाळेत असताना विचारलं होतं, या ताईचं पुढे काय झालं? म्हणाले, मी काही चौकशी केली नाही."

तेवढ्यात स्कूटर आली. मला बघून तो पांढरा पडला. मागून तिची बसही आली. त्याने तिला हाक मारली. तिने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि ती बसमध्ये चढली. तो स्कूटर टाकून धावला, पण बस सुटली होती. तो तसाच रस्त्यात उभा राहिला, मग माझ्याकडे वळला.

मी म्हटलं, "घाबरू नका. पोचेल ती नीट. तिचा पत्ता कोणी छापलेला नाही."