मोटारीला पाजलेली आंबील

मी एकदा मोटारीच्या रेडिएटरमध्ये दीड तांब्या आंबील ओतली. ज्वारीच्या पिठाची, चांगली दाट शिजवलेली. मीठ आणि लसूण घातला नव्हता, तेवढी अक्कल मला त्या वयातही होती. बाकीची कुठं चरायला गेली होती, ते अजून कळलेलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा तीन-चार वर्षं होती. मी शेळगावात सून म्हणून येऊन दोन वर्षं झाली होती. आमची जमीन कालव्याच्या पाण्याखालची. वांगी, मिरच्या, काकड्या लावायच्या आणि बारामतीच्या बाजारात न्यायच्या. त्यासाठी घरच्यांनी एक जुनी मोटार आणली होती. पुढं दोघातिघांना बसायला बाक आणि मागं माल टाकायला उघडा लाकडी हौदा. आता अशा गाडीला पिकअप म्हणतात. आम्ही नुसती मोटार म्हणायचो, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिला 'तहानलेली' म्हणायचे.

नाव खोटं नव्हतं. ती दर दोन कोसांना उकळायची. नाकातून वाफा सोडत रस्त्याच्या कडेला उभी राहायची, मग आमचे हे बादली घेऊन विहीर शोधत फिरायचे. बारामतीच्या वाटेवरची एकेक विहीर ह्यांना तोंडपाठ होती, आणि विहिरीवरच्या बायांना हे. "आला गं मोटारवाला, रहाट मोकळा करा!" असं त्या लांबूनच ओरडायच्या. वांगी उन्हात सुकायची, काकड्या मऊ पडायच्या, आणि बाजार उलगून गेल्यावर आमचा माल पोचायचा. बैलगाडीनं निघालेले शेजारी तोवर माल विकून, भजी खाऊन परत फिरलेले असायचे. वाटेत भेटले की ते ह्यांना हात करायचे. किती चीड यायची त्या हाताची!

इंदापूरचा एक जण चांगल्या बैलजोडीच्या बदल्यात ती मोटार मागत होता. मामंजींना बैल हवे होते. ते सरळ म्हणाले, "न्हाय तर न्हाय पळत, आपली बैलं बरी. देऊन टाकू."

ह्यांचा चेहरा असा झाला, की जणू मलाच द्यायला काढलंय.

आता माझं खरं सांगते. मी त्या मोटारीवर दिवसभर तोंडसुख घ्यायची. तिचं काळं तेल ह्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर, आणि धुणार कोण, तर मी. पण ती जायला नको होती मला. माझं माहेर लोणी भापकरला, बारामतीच्याही पलीकडं. बैलगाडीनं जाऊन-येऊन तीन दिवस मोडायचे, आणि बैलांना तीन दिवस शेतातून मोकळं सोडणं मामंजींच्या जिवावर यायचं. म्हणून वर्षातनं एकदा माहेर, तेही बैलांच्या सवडीनं. मोटार राहिली तर बाजारच्या दिवशी बारामतीपर्यंत, तिथनं पुढं तासाभरात आईच्या दारात. हे मी कुणाला बोलले नाही. सुनेनं असं बोलायची पद्धत नव्हती. मी आपली सदरे आपटत राहिले.

शेवटी ह्यांनी मामंजींकडून एक संधी मागून घेतली. पुण्यात मोडीत निघालेल्या एका मोठ्या लॉरीचा रेडिएटर आणि सहा पात्यांचा पंखा बारामतीच्या मिस्तऱ्यानं मिळवला होता. तो आमच्या गाडीला बसवायचा. मामंजींची अट एकच. चैत्रात माझ्या माहेरची जत्रा होती. त्या दिवशी माल बारामतीला टाकून मला पुढं सोडायचं. वाटेत गाडी एकदा जरी उकळली, तर दुसऱ्या दिवशी ती इंदापूरला.

जत्रेच्या दोन दिवस आधी मिस्तरी आला आणि ते दोन्ही दिवस आमच्या अंगणात ठाण मांडून बसला. तो नवा, म्हणजे दुसऱ्याचा जुना, रेडिएटर आमच्या गाडीच्या तोंडापेक्षा वीतभर रुंद. मग कानशीनं लोखंड घास, लाकडाचे ठोकळे लाव, मोटेच्या जुन्या चामड्याचे तुकडे मधे घाल. तो बसला तर पंख्याची पाती त्याला घासायला लागली. पुन्हा सगळं सोड, चार बोटं पुढं सरकव. चांभाराकडून पंख्याचा पट्टा शिवून आणला, तो आखूड झाला. दुसरा आणला, तो सैल. माझी वाळवणाची जागा गेली, दोन पातेली गेली, उखळाचं मुसळसुद्धा काहीतरी वाकवायला नेलं. मी मागितलं तर हे म्हणाले, "आता मधे बोलू नगंस, पंख्याचं चाललंय." दोन दिवस घरात मीठ-मिरची कांडायची राहिली, कारण पंख्याचं चाललं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चालू केली. मिस्तऱ्यानं जाळीसमोर एक फडकं धरून सोडलं, ते जाळीला जाऊन चिकटलं. "बगा आबा, कसा वारा ओढतोय!"

मामंजी म्हणाले, "फडकं अडकवायला पंखा कशाला? खुंटी हाय की घरात."

पण गाडी खरंच तापेना. घटकाभर उभ्या उभ्या चालली तरी वाफेचा पत्ता नाही. हे नुसते तरंगत होते. तेवढ्यात मला दिसलं, की रेडिएटरच्या खालच्या सांध्यातून पाण्याचा थेंब लोंबतोय. पडला. दुसरा लोंबला.

मिस्तऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "माज्याकडचं कथील सपलं. तुमी उद्या बारामतीत आला की डाग देतो. एवढ्या थेंबानं काय व्हत न्हाय, वैनी."

पण वैनींना कुठं दम! थेंब म्हणजे गळती, गळती म्हणजे पाणी कमी, पाणी कमी म्हणजे वाफ, वाफ म्हणजे इंदापूर, आणि इंदापूर म्हणजे माझं माहेर गेलं. असा मी मनातल्या मनात हिशेब लावला, आणि उपायही मीच काढला. माझी आई नवं मडकं पाझरायला लागलं की त्यात आधी दाट आंबील शिजवायची. पीठ छिद्रांत बसतं, मडकं मुरतं, पाझर थांबतो. शिवाय उन्हाळ्यात माणसाच्या अंगातली आग कशानं उतरते? आंबिलीनं! मला तर वाटलं, एवढी साधी गोष्ट मोटारवाल्यांना कशी सुचली नाही. बायकांना विचारत नाहीत, दुसरं काय.

गाडीत पाणी भरणं हे तसंही माझंच काम होतं. घरातल्या प्रत्येक गोष्टीत पाणी भरणं हे माझंच काम होतं. सकाळी पुरुषमाणसं काकड्यांची पोती चढवत होती, तेव्हा मी आधी दीड तांब्या आंबील ओतली आणि वरून पाणी. झाकण लावलं आणि खाली वाकून बघत बसले. गाडी चालू झाली, थेंब लोंबला, जाड झाला आणि तिथंच थांबला.

ह्यांनी पाहिलं. "थांबला की गं! आपोआप बसला सांधा."

मी पदर तोंडाला लावून हसले. स्वतःवर एवढी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते, आणि सांगते, त्यानंतरही फारशी झाले नाही.

हे आणि मामंजी पुढं बसले. मी मागं हौद्यात, काकड्यांच्या पोत्यावर, डोक्यावर पदर, मांडीवर आईसाठी नेलेल्या सांडग्यांचं गाठोडं. पहिली विहीर आली. बाया रहाट सोडून बाजूला झाल्या, पण ह्यांनी भोंगा वाजवत गाडी तशीच दामटली. दुसरी विहीर गेली. मामंजी गप्प होते, आणि मामंजी गप्प म्हणजे खूश. मी मागून त्यांच्या फेट्याच्या शेमल्याकडं बघत मनात म्हणत होते, ह्या शेमल्याला काय ठाऊक, गाडी कुणामुळं पळतेय ते!

कालव्याच्या पुलाच्या अलीकडं चढ लागला आणि एक वास आला. ओळखीचा. दूध उतू जाताना बाई जशी दचकते, तशी मी दचकले. पुढं झाकण फाडकन उडालं, आणि पांढरा, दाट, बुडबुड्यांचा फेस त्या नव्या रेडिएटरवरून ओघळत खाली रस्त्यावर आला.

गाडी थांबली. हे खाली उतरून बघत राहिले. पाणी उकळलेलं त्यांनी शंभर वेळा पाहिलं होतं, पण हे काय होतं? मग कपाळावर हात मारून म्हणाले, "मिस्तऱ्यानं फसवलं. आत साबण-बिबण हुता जणू. आता त्याला सोडत न्हाय."

मी पोत्यावर बसून होते. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. बिचाऱ्या मिस्तऱ्याच्या नावावर गेलं असतं. तेवढी वाईट मात्र मी नव्हते, किंवा बोलायला मला जरा वेळ लागला असं म्हणा.

तेवढ्यात मामंजींनी फेसात बोट बुडवलं, हुंगलं, आणि चाटलं. मग हौद्याकडं वळून म्हणाले, "आंबील हाय. मीठ घालायला इसरलीस, सूनबाई."

"इसरले न्हाय, मामंजी," मी म्हणाले. "मुद्दामच न्हाय घातलं. लोखंड गंजंल म्हणून."

"अगं पर आंबील का?" हे ओरडलेच.

"गळत हुती म्हणून मुरवली."

"माठ हाय का ती?"

हे रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसले आणि डोकं गुडघ्यात घातलं. उन्हं चढत होती. पोत्यांतल्या काकड्यांचा ओलसर वास यायला लागला होता. मला वाटलं, झालं. अट मोडली, गाडी इंदापूरला गेली, आणि ती धाडली कुणी, तर मी. माहेरच्या हव्यासानं माहेरच घालवलं. सांडग्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकून मी रडायच्या बेतात होते.

मामंजी मात्र रेडिएटरभोवती फिरत होते. त्यांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी ह्यांना विचारलं, "पाणी वरनं खाली जातं का खालनं वर?"

"वरनं खाली," हे गुडघ्यातूनच म्हणाले.

"आन नळ्या किती बारीक?"

"करंगळीपेक्षा बारीक. समद्या तुंबल्या असतील आता. मिस्तऱ्याशिवाय न्हाय निघायचं."

"पाट तुंबला तर आपण काय मिस्तरी बोलावतो?" मामंजी खेकसले. "ऊठ. सोड ती टाकी."

कालव्याला तेव्हा पाण्याची पाळी सुरू होती. पुलाखालच्या मोरीतून पाणी जोरात चारीत, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटात, पडत होतं. रबरी नळ्या सोडून, चार खिळी काढून बापलेकांनी तो रेडिएटर उचलला आणि उलटा करून मोरीच्या धारेखाली धरला. खालचं तोंड वर, वरचं खाली. चाळीस वर्षं ज्यानं पाटातला गाळ काढला, त्या माणसाला एवढं कळत होतं, की अडलेलं ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत ढकलायचं. पहिल्यांदा काही नाही. मग एक पांढरा गोळा बाहेर पडला. मग दुसरा. चारीत कावळे जमले, त्यांची चंगळ झाली. मामंजींचं धोतर छातीपर्यंत भिजलं, फेटा सुटला, आणि ते प्रत्येक गोळ्याला हाक मारत होते, "ये भाईर! ये की!" मी वरून बघत होते. त्यांना एवढं खुशीत मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पाणी स्वच्छ यायला लागल्यावर टाकी परत बसवली, साधं पाणी भरलं. ते मामंजींनी भरलं, मला बादलीला हात लावू दिला नाही. खालचा थेंब पुन्हा लोंबायला लागला.

"गळू दे," मामंजी म्हणाले. "थेंब हाय, धरण न्हाय फुटलं."

ऐन दुपारच्या उन्हात गाडी बारामतीपर्यंत गेली आणि एकदाही वाफ आली नाही. बाजार निम्मा उठला होता, पण काकड्या खपल्या. मिस्तऱ्यानं सगळं ऐकलं आणि पोट धरून खाली बसला. "अवो वैनी, पिठानं गळती आमीबी बुजवतो, पर चिमूटभर टाकून. तुमी तर पंगत बसवली!" मग डाग दिला आणि थेंब थांबवला.

ह्यांना मात्र हसू येत नव्हतं. बारामती सोडून लोणी भापकरच्या रस्त्याला लागलो तसं त्यांच्याच्यानं राहवेना. "आबा, मग उद्या इंदापूरला नेऊ का?"

मामंजी ओलं धोतर वाऱ्याला धरून बसले होते. म्हणाले, "का म्हून? उकळली ती आंबील. गाडी कुठं उकळली?"

मी मागं रिकाम्या पोत्यांवर बसून ते ऐकलं आणि गाठोडं घट्ट धरलं.

माहेरच्या दारात गाडी थांबली. आई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, अर्धा गाव मोटार बघायला जमला. मी हौद्यातून उतरले आणि वाकून मामंजींच्या पाया पडले. त्यांनी सगळ्यांदेखत, अगदी शांतपणे सांगितलं, "सूनबाई, पुनवेला तुला न्यायला हिच्यातच येतो. पर एक ध्यानात ठेव. तवर तुज्या माहेरच्या मानसांस्नी सांगून ठेव, आमी आलो की आमाला काय खायला घालायचं ते घाला. पर हिला जर कुनी काय खाऊ घातलं, तर तुला हितंच ठेवून जाईन."