राखीव गोलकीपर

चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी कोणी आलं की बाबा सांगतात, "आमची पोट्टी इंडियाकडून खेळली आहे." पुढचं ते सांगत नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या परदेशातल्या एका फुटबॉल स्पर्धेत आम्ही तिन्ही सामने हरलो आणि गोलकीपर मी होते.

दुसऱ्या सामन्यात माझं बोट मोडलं. तसं कोचना सांगितलं असतं तर तिसरा सामना माझ्या खोलीतली मुलगी खेळली असती. ती मणिपूरची, आमची राखीव गोलकीपर. मी बोटाला पट्टी गुंडाळली, वर हातमोजा चढवला आणि गप्प राहिले. त्या सामन्यात हातात आलेले चेंडूसुद्धा निसटत गेले. ती पूर्ण वेळ बाकावर बसून होती. पुढे तिला देशाकडून खेळायला कधीच मिळालं नाही.

मागच्या वर्षी हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मले काहून सांगून राहिली? तिले सांग."

नंबर शोधून मी तिला फोन केला. ती हिंदीत, शांतपणे म्हणाली, "माहीत आहे मला. नळाखाली बोट धरून तू रडत होतीस. मला वाटलं, सामन्याआधी तू कोचना सांगशील. मी बूट घालून तयार बसले होते."

मुलीला शाळेत सोडायचंय म्हणून तिने फोन ठेवला. नंतर मी दोनदा केला, पण तिने उचलला नाही.