अक्कांनी दाखवलेली लाल जागा

प्रथिनाचं चित्र पडद्यावर उघडलं की वसुधाअक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत बसायच्या. मी माउसकडे हात नेला की म्हणायच्या, "स्वल्प थांब रे. आधी बघ, मग बोल." त्यांचं घर मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरूतच गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात कन्नड शब्द सहज येत.

जनुकातल्या बदलाने प्रथिनाचा आकार कुठे बिघडतो, ते चित्रात दाखवायचं काम कोरमंगलातली आमची छोटी कंपनी करायची. अक्का तिथल्या माझ्या वरिष्ठ. मी तालुक्याच्या कॉलेजातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. प्रथिन पुस्तकात सपाट पाहिलेलं. ते फिरवून आतून बघायला मला अक्कांनी शिकवलं. स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्या ताटलीत वाढायच्या.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या, पायात जोर नाही. तिचा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला तो मी अक्कांपुढेच ठेवला. त्यांनी ते प्रथिन उघडून बदललेली जागा लाल केली. "बघ, आत किती दाटी आहे. इथं लहान घटक बसायचा, तिथं मोठा आलाय. शेजारचे सगळे ढकलले गेलेत."

मला रडू आलं. सुमी पोटात असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून आई आजवर स्वतःला दोष देते, हे मी तेव्हा त्यांना सांगितलं. बाहेर कुणाला कधीच सांगितलं नव्हतं.

"आईला हे चित्र दाखव," अक्का म्हणाल्या. "यात विळी कुठं दिसते का, विचार तिला."

पुढे बेळ्ळंदूरच्या एका हॉटेलात गुंतवणूकदारांसमोर अक्का बोलायला उभ्या राहिल्या. मी मागे लॅपटॉप सांभाळत होतो. पडद्यावर तेच प्रथिन आलं, तीच लाल जागा. "खेड्यातली एक आई म्हणते, मी ग्रहणात भाजी चिरली!" अक्कांनी इंग्रजीत सांगितलं आणि हवेत विळीवर चिरल्यासारखा हात फिरवला. सगळे खदखदून हसले. अक्काही हसल्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, ती माझी आई आहे."

"नाव घेतलं का मी? लोकांना गोष्ट लागते रे. सरी, चल, कॉफी घेऊ."

मी कॉफी घेतली नाही. राजीनामा दिला तेव्हा त्या खरोखरच गोंधळल्या. "एवढ्यासाठी?"

दिवाळीला ते चित्र छापून घरी नेलं. अक्कांनी शिकवलं तसंच आईला समजावलं. दुसरी रीत मला येतच नाही. लाल जागेवर बोट ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे माझ्या हातून नाही झालं?"

"नाही, आई."

"कुणी काढलं रे हे?"

"आमच्या ऑफिसात एक बाई होत्या."

"देवमाणूस म्हणायची. त्यांना माझा नमस्कार सांग."

तो नमस्कार अजून माझ्यापाशीच आहे.