दरबारी पगडीतले अण्णा

माझे थोरले भाऊ अण्णा दरबारी पगडी चढवल्याशिवाय सिनेमाच्या कॅमेऱ्याला हात लावत नसत. ग्वाल्हेरीत सरदारांची लग्नं आणि दसऱ्याची स्वारी टिपणं हा त्यांचा धंदा. बाहेर उन्हाळ्याची भाजणारी लू चालू असली तरी पगडी हवीच. मी थट्टा केली की म्हणत, "हसू नकोस, कुसुम. पगडी दिसली की शिपाई रस्ता देतो, टोपी दिसली की डंडा."

गिरणीत हरताळ झाला त्या दिवशीही ते तसेच गेले. शिपायांना वाटलं, महालातून माणूस आला आहे. त्यांनी अण्णांना मोक्याची जागा करून दिली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मजुरांवर लाठ्या चालवल्या. हवालदाराने तर कॅमेऱ्याकडे बघून मिशीला पीळ दिला. रामदीन नावाचा मजूर त्यात मेला. पोलीस म्हणाले, जिन्यावरून पडला.

रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि माझी झोप उडाली. इन्स्पेक्टर सारखा दारात हजर. "पंडितजी, हमारी फ़िल्म कब दिखाओगे?"

"बस, आ ही रही है," म्हणत अण्णा पानाचं तबक पुढे करत. एकदा मी चिडून म्हणाले, "आलं की जाळून टाका ते!"

"मग तो जिन्यावरूनच पडला म्हणायचा?" अण्णा म्हणाले. असा हट्टी माणूस!

रीळ आलं. ग्वाल्हेरजवळ मुरार गावातल्या एका गोदामात, भरदुपारी खिडक्यांना रजया लावून, अण्णांनी ते मजुरांना दाखवलं. मी आतून दाराशी, बाहेरच्या चाहुलीला कान देऊन उभी होते. पडद्यावर रामदीन हसत चालत आला, मग लाठ्या. चित्र संपलं तशी त्याची बायको उठली. "भैया, जहाँ ये चल रहे हैं, उतना फिर दिखा दो."

कोणीतरी चुगली केली होती. बाहेर बूट वाजले. मी ओरडले, "अण्णा, शिपाई आले! रीळ घ्या, मागचं दार उघडं आहे!"

अण्णा रीळ उलटं फिरवू लागले होते. "थांब जरा. बघू दे तिला."

दार फुटलं तेव्हा पडद्यावर रामदीन अजून चालतच होता.

रीळ जप्त झालं. अण्णा हद्दपार होऊन झाशीला गेले आणि तिथेच वारले. सहज निसटले असते. माझा तो राग अजून गेलेला नाही. आम्ही भाऊबीज करणारी माणसं, आमच्या घरी राखीचं फारसं कौतुक नव्हतं. पण अण्णा होते तोवर दर श्रावणात रामदीनची बायको माझ्या दारी येई आणि पदराची गाठ सोडून म्हणे, "जीजी, इसे झाँसी भिजवा देना."